व्याह्याचा पट्टा

जगात कुठेही दोन देशांची जुंपली की त्याचा निवाडा आपल्याला विचारल्याशिवाय होऊच शकत नाही, अशी आमच्या व्याह्यांची पक्की समजूत आहे. जन्मभर त्यांनी पुण्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भुकूमला फ्लॅट घेऊन तो सोसायटीला शिकवायला घेतला. पार्किंगवरून भांडण लागलं की "दोन्ही पक्षांनी संयम बाळगावा" म्हणत हे मध्ये उभे राहतात आणि दोन्ही पक्षांच्या शिव्या खातात. माझ्या घरी आले तरी उंबऱ्याबाहेर थांबून विचारणार, "विहीणबाई, प्रवेश आहे ना?" दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता पाऊल टाकणं म्हणजे आक्रमण! आमच्या मुळशीच्या पावसात, पागोळ्या मानेवर झेलत हा गृहस्थ परवानगीची वाट बघत उभा, आणि मी आत मुद्दाम जरा उशीर करणार. तेवढीच गंमत.

हे स्थळ पत्करलं मीच. त्या वयातली मी म्हणजे काय सांगू! नथीपेक्षा नाक वर. बांधावरून चुलत दिराशी आमचं हाडवैर होतं. दरसाल नांगरताना तो आमच्या बाजूने बांध कोरायचा, आणि खोटं कशाला बोलू, आम्ही त्याच्या. मुलाचे वडील कायद्याचे प्रोफेसर एवढं ऐकलं आणि मी गावभर सांगत सुटले, "आता बघाच, कोर्टच आमच्या घरात येतंय!" लेकीला मुलगा आवडला होता, मी मात्र वकील पसंत केला होता. हळद उतरायच्या आत मी व्याह्यांना बांधावर उभं केलं. त्यांनी छत्री उघडली, दोन्हीकडचं शांतपणे ऐकलं, आणि बांधाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन हात सोडून चुना फासलेले दगड मांडायला लावले. म्हणाले, "हा निर्लष्करी पट्टा. इथे कुणीही नांगर आणायचा नाही." म्हणजे त्याने कोरलेली जमीन गेली ती गेलीच, वर आमचीही गेली! "बरीच जमीन जिंकून दिली तुझ्या वकिलानं," एवढं बोलून आमच्या ह्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. गाव त्याला व्याह्याचा पट्टा म्हणू लागलं. तिथे गवत माजलं, दोन्ही घरची गुरं चरली, पण नांगर मात्र कुणी घातला नाही.

यंदा भातकापणी उरकत होती आणि तिकडे दूर दोन देशांत लढाई पेटली होती. आमचा नातू, त्यांच्या मुलाचा आणि माझ्या लेकीचा एकुलता एक, मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. एका चिंचोळ्या समुद्रात बंदूकवाल्यांनी त्याचं जहाज अडवून धरलं. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा, आणि पोरगं आमचं. त्याचा फोन बंद झाला. लेक-जावई मुंबईला कंपनीच्या ऑफिसात खेटे घालू लागले आणि व्याह्यांना माझ्याकडे सोडून गेले. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली होती; घरात आम्ही दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. जळतं जहाज दिसलं की मी आधी त्यावरचं नाव वाचायची, मग श्वास घ्यायची.

व्याही म्हणायचे, "नागरी जहाज आहे, विहीणबाई. खलाशांना हात लावता येत नाही."

"लावलाय की पण!"

"लावता येत नाही, म्हणजे लावू नये."

तव्यावरची भाकरी करपली. मी उलथणं आपटलं. "तुमच्या कायद्याला पोलीस कुठाय?"

"पोलीस नाही," ते म्हणाले. "मोडणाऱ्याला बाकीच्यांनी लाज वाटायला लावायची, एवढीच सोय आहे."

"बंदुकीला लाज असते का हो?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. जन्मात पहिल्यांदा व्याही वादात हरले होते आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

त्यातच एका सकाळी बांधावर जेसीबी येऊन उभा राहिला. दिराच्या मुलाने प्लॉट पाडायला काढले होते आणि रस्त्याला नेमका पट्टाच हवा होता. मी पोचेपर्यंत व्याही छत्री घेऊन मशीनपुढे उभे होते. दोन दगड उपटून पडले होते.

"आबा, बाजूला व्हा," पुतण्या म्हणाला. "ह्या पट्ट्याचा कागुद हाय का तुमच्याकडं?"

"कागद नाही. पण तुझ्या वडिलांनी इतकी वर्षं पाळला. पाळत आलो तोच कायदा."

"आन् तितं दर्यात इचारतंय का कुणी तुमच्या कायद्याला?"

व्याही खाली बघून उपटलेला दगड छत्रीच्या टोकाने सरळ करू लागले. आयुष्यभर त्यांची फजिती बघायला टपलेल्या मला ते बघवेना. तेवढ्यात काठी टेकत दीर आला. एवढ्या वर्षांत माझ्याशी धड बोलला नव्हता. तो लेकावर ओरडला, "बंद कर ते मशीन! आपुन हितं दगूड उपटायचं आन् तितल्या बंदूकवाल्यानं मातर नेमानं वागायचं, व्हय रं? वैनीचं पोरगं सुटूस्तवर ह्या पट्ट्याला हात लावायचा न्हाई." मग वाकून त्याने दगड उचलला. वयाने त्याला झेपेना, तर दुसऱ्या बाजूने व्याह्यांनी धरला.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मग एका दुपारी मी तांदूळ पाखडत होते आणि व्याही परवानगी न मागता, चपलांसकट, थेट चुलीपर्यंत आले. "सुटले! सगळे सुटले!" एवढं बोलले, मग आपल्या पायांकडे बघून त्यांना भान आलं आणि ते लगबगीने उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. "क्षमा करा. प्रवेश आहे ना?" मी सूप टाकलं आणि रडत-हसत म्हटलं, "या हो आत, चुलीत घाला ती परवानगी!" नंतर विचारलं, कायद्याने सुटला का हो? "ठाऊक नाही," ते म्हणाले. "कुणीतरी बोललं असेल. कुणालातरी लाज वाटली असेल."

पोरगं बारीक होऊन आलं, चार दिवस राहिलं आणि थोडं भरून परत गेलं. पण दिराचा शब्द त्याच्या सुटकेपुरताच होता. रोज सकाळी मी जेसीबीच्या आवाजाचा कानोसा घ्यायची. मशीन काही आलं नाही, दीर आला. ओट्यावर टेकत म्हणाला, "वैनी, पाव्हणं म्हणत व्हतं, आजून एक जहाज अडकलंय म्हणं. त्यातली पोरं बी कुणाची तरी हायेतच न्हवं? ती सुटू द्या. मंग बघू."

आता व्याही भुकूमहून वरचेवर येतात. दोघं पट्ट्याच्या दोन कडांना, आपापल्या हद्दीत दगडावर बसतात. दीर विचारतो, "आज कुटलं?" आणि व्याही सांगतात. कुठलंतरी असतंच. मी चहा घेऊन जाते, आणि हल्ली मुद्दाम उशीर करत नाही. मी सांगून ठेवलंय, ज्या दिवशी एकही जहाज अडकलेलं नसेल त्या दिवशी खुशाल पट्टा खणा, जेसीबीवाल्याला चहा मीच देईन. व्याही म्हणतात, तो दिवस बघायला आपण नसू, विहीणबाई. नसू तर नसू. मी दूध मात्र थोडं जास्तीचं घेऊन ठेवते.