उलटी वजनं

"लहानाचं आधी ऐका. मोठ्याचा आवाज तसाही पोचतोच," असं तो उठता-बसता म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटे, मुलाबाळांबद्दल बोलतोय. तो बोलायचा आकड्यांबद्दल.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्याची बावीस वर्षं गेली. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला वजनदार म्हणत. नावाला दुसरंही कारण होतं. पाण्यात शिसं किती, हे यंत्र सरळ सांगत नाही. नुसता एक आकडा फेकतं. म्हणून आधी ठाऊक शिशाच्या बाटल्या करायच्या, लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपासून पाचशेपर्यंत. त्या यंत्राला पाजायच्या, आलेले ठिपके स्प्रेडशीटमध्ये मांडायचे आणि त्यांच्यातून एक वक्ररेषा काढायची. अनोळखी पाणी मग त्या रेषेवर मोजायचं. पण पाचशेचा ठिपका दांडगा. तो रेषा स्वतःकडे ओढतो, आणि खालचे एक, दोन, पाच बिचारे बाजूला पडतात. म्हणून वजनदार प्रत्येक ठिपक्याला वजन द्यायचा, लहानाला भरपूर, मोठ्याला नावापुरतं. त्या वजनांचा वेगळा रकाना असे.

एका शुक्रवारी दुपारी जुनी फाइल चाळताना त्यानं पाचची बाटली त्याच रेषेवर मोजून पाहिली. उत्तर आलं, वजा चार.

पाण्यात उणं शिसं नसतं. त्यानं रकाने एकेक करून तपासले.

बाटल्यांचे आकडे त्यानं मोठ्यापासून लहानापर्यंत लावून घेतले होते. वजनांचा रकाना मात्र जागचा हलला नव्हता. एकचं वजन पाचशेला मिळालं होतं, पाचशेचं एकला. ज्यांचं ऐका म्हणून जन्मभर सांगितलं, त्यांचंच तोंड त्यानं दाबलं होतं.

त्यानं वजनं सरळ केली. त्या फाइलीत एकच नमुना होता, शाळेच्या टाकीचा. त्यातलं शिसं चारवरून तेरावर गेलं. दहाच्या वर गेलं की नळ बंद करायचा असतो. कागदावर 'पिण्यास योग्य' लिहिलेलं, आणि खाली त्याची सही, अकरा दिवसांपूर्वीची.

"भाऊ, चहा निवला की," बाटल्या धुणारी ताई मोरीतून म्हणाली. "भूत बघितलंत का?"

"ताई, तुझी दोघं शाळेत पाणी घरून नेतात?"

"कशाला? दप्तर काय कमी जड आहे? टाकीचंच पितात. तुम्हीच तर पास केलंय."

तो तिच्याकडे न बघता साहेबांच्या खोलीत गेला आणि जुनी रेषा, नवा आकडा दोन्ही त्यांच्यापुढं ठेवले.

"अहो, जुनी रेषाही बसलीय की झकास," साहेब म्हणाले. "जुळणीच्या आकड्यात दशांशापुढं नऊवर नऊ आहेत."

"मोठ्यांना बसलीय, साहेब."

"सोमवारी नवा नमुना आणू, मग बघू. आज कळवलंत तर पहिलं बोट तुमच्या सहीकडे जाईल. दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

वजनदाराला नोकरीची भीती वाटली, पोलिसांची वाटली. पण उद्या शनिवार, सकाळची शाळा, आणि नळाखाली धरलेल्या ओंजळी डोळ्यांपुढून हलेनात.

"शाळा उद्याही आहे, साहेब," एवढंच तो बोलला.

दुरुस्त कागदावर त्यानं सही केली. मोरीपाशी येऊन त्यानं ताईला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

ताईच्या हातातली बाटली तशीच राहिली. "पोरांना काय होईल?"

"ते माझं यंत्र सांगत नाही, ताई. डॉक्टरांना दाखव."

"मग इथं उभे का?"

तो निघाला. फाटकापर्यंत चालत गेला, चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चपला तिथंच सोडल्या, आणि कधी कुणी पळताना न पाहिलेला तो काडीसारखा माणूस कागद छातीशी धरून शाळेच्या रस्त्याला पळत सुटला. वरच्या खिडकीतून साहेब पाहत होते. खाली मोरीच्या जाळीतून ताई पाहत होती, आणि तिच्या मागं नळ तसाच वाहत होता.