पीठ मळून ठेवलं होतं

लानयिंगने दुपारीच पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं. मुलगी घरी येणार म्हणजे नूडल्स. पिंगयाओत आल्या माणसाला नूडल्स वाढतात, लांब दोऱ्यांनी त्याचे पाय घरात गुंतावेत म्हणून. निघणाऱ्याला ज्याओझ, सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या.

वेनचिंग दोन वर्षांनी येत होती, तीही एकटी नाही. शेन्झेनच्या ऑफिसातली मंडळी जुनं शहर बघायला निघाली, तेव्हा तिने फोनवर सांगितलं होतं, "दिवसभर त्यांना फिरवते, रात्री तुझ्याकडे राहते."

"लेक आपल्याच गावात पाहुणी म्हणून येते म्हण," शेजारच्या पांगकाकू दारातून म्हणाल्या. "तुला तरी न्यायचं होतं जुन्या शहराच्या तटावर."

"माझे गुडघे तटावर चढतात होय?" लानयिंग हसली. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून ती वेशीच्या आत फारशी गेलीच नव्हती.

सारखी खिडकीशी जात होती. उन्हात टोपी घातली असेल का? रस्त्यावरचं तिखट खाऊन पोट बिघडलं तर?

संध्याकाळी वेनचिंग आली. खांद्यावर छोटी पर्स, हातात व्हिनेगरची बाटली.

"गावचं व्हिनेगर मलाच आणलंस?"

"सगळे घेत होते गं, मीही घेतली." ती हसली आणि फोन पुढे केला. तटावरून दिसणारी करडी छपरं, लाल कंदील, मुरवलेल्या गोमांसाच्या चकत्या, वाफाळत्या ओटच्या सुरळ्या. "या सुरळ्या तर सगळ्यांनी दोनदा मागवल्या. मी म्हटलं, माझी आई याहून पातळ करते."

लानयिंगने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. एका फोटोत वेनचिंग तोंड उघडून हसत होती. असं हसताना तिने लेकीला कधी पाहिलं होतं, ते आठवेना. मग तिची नजर दाराशी गेली. तिथे बॅग नव्हती.

ती ओट्याशी गेली. कोबी आणि अंडी काढली, कोबी बारीक चिरायला घेतला. पिठाचा सुरीने तुकडा केला, लहान गोळे केले, एकेक गोल लाटू लागली.

वेनचिंग बोलता बोलता थांबली. गोल लाट्यांकडे बघत राहिली.

"आई, मी अजून सांगितलंही नाही."

"बॅग कुठे आहे तुझी?"

"बसमध्ये." ती खाली बघत म्हणाली. "उद्या सकाळीच मीटिंग लागली. सगळ्यांबरोबर आजच निघते."

"मग बस. घड्या घाल."

वेनचिंगने बाही सारली. तिच्या घड्या अजूनही जाड होत, आणि लानयिंग त्या अजूनही गुपचूप चिमटून नीट करी. पोट भरलेलं असूनही वेनचिंगने वाडगाभर ज्याओझ खाल्ल्या. खाताना एकदा म्हणाली, "पुढच्या वेळी एकटीच येईन." लानयिंगने तिच्या वाडग्यात आणखी दोन घातल्या.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. लानयिंग तिला सोडायला फाटकापर्यंतच गेली. ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं तर लेकीला अवघडल्यासारखं होईल, असं तिला वाटलं.

पांगकाकू दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. "काय गं, नूडल्स आवडल्या का तिला?"

"आवडल्या की," लानयिंग म्हणाली. "आत झोपलीय आता. दमली होती."

आणि आत खरंच कुणी झोपलं असावं, तसं तिने दार अगदी हळू लावलं.