कमलाकांतरावांची बंदूक

गिरगावातल्या फणसवाडीत मी बिऱ्हाड केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात समोरच्या दारापाशी एक गृहस्थ उभे दिसले. कोट, टोपी, काखेत छत्री. ते बाहेरून आपल्याच घराचं दार ढकलत होते.

"कडी लागली का?"

आतून बाईंचा आवाज आला, "लागली हो. जा आता."

ते चार पायऱ्या उतरले, थांबले, परत वर आले आणि पुन्हा दार ढकललं. मग मी पाहतो आहे हे लक्षात येऊन हसले. "नवे मास्तर ना तुम्ही? तुमची कडी पाहिली मी काल. तिचे स्क्रू आखूड आहेत. कोणी खांदा लावला तर चौकटीसकट येईल."

हे कमलाकांतराव. जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातले, फोर्टात एका विमा कंपनीत हेडक्लार्क. केळव्याला थोडी वडिलोपार्जित नारळीची वाडी. घरात आई, म्हणजे माई, आणि बायको सुमतीबाई. छत्री घ्यायची तर दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडमीट करून पाहणार, गजराचं घड्याळ घ्यायचं तर परत करायच्या बोलीवर आठवडाभर घरी ठेवणार. ऐन वेळी दगा देणार नाही अशी वस्तू हवी, एवढीच त्यांची मागणी असे. फणसवाडीतली मुलं त्यांना मागून 'कडीकाका' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी एका दंग्यात खालचं दुकान फुटलं. वर त्यांचे वडील अप्पा दाराला पाठ लावून बसले होते आणि हे अप्पांच्या पायाशी. "बाहेरून कोणीतरी दार हलवलं, मास्तर. अप्पांची पाठ हललेली मी पाहिली. मग ते लोक निघून गेले."

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यापासून गिरगावात सभा-मोर्च्यांना ऊत आला. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं कमलाकांतरावांनाही वाटे. सभेला ते जात, पण कडेला, गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. त्याच सुमारास त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. केळव्याच्या वाडीत रानडुकरं शिरतात हे कारण दिलं होतं, आणि ते खरंही होतं. परवाना आल्यावर सुमतीबाई मला म्हणाल्या, "डुकरं गेली वीस वर्षं येताहेत, मास्तर. हे रोज दाराकडे बघत बसतात. आता हातात बंदूक धरून बघतील. कोण यायचं बिचारं त्या दारातून, देव जाणे."

बंदूक निवडायला त्यांनी मला बरोबर नेलं. फोर्टातल्या त्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने काउंटरवर तीन रायफली मांडल्या. एक एकेक गोळी भरायची. दुसरी मॅगझिनची, म्हणजे खाली गोळ्यांची डबी असलेली, पण दर वेळी नळीमागचा बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. तिसरी सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते.

"पहिलीच बंदूक आहे ना शेठ? मग ही मधली न्या," दुकानदार म्हणाला. "दर गोळीला हात हलवावा लागतो. तेवढ्यात माणसाला विचार करायला वेळ मिळतो."

"डुकरं कळपाने येतात," कमलाकांतराव म्हणाले. "आणि घाबरलो की माझे हात कापतात. बोल्ट अर्धाच ओढला गेला तर?"

"मग तिसरी घ्या. पण ती नाजूक आहे."

मग कमलाकांतरावांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. स्प्रिंग कुठली आधी मरते, मॅगझिन वाकलं तर दुसरं मुंबईत मिळतं का, गोळी नेहमी मिळणारी पॉइंट टू-टूच लागते ना. दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली त्यांनी शेजारी शेजारी ठेवून घेतल्या. एक कोरी, झगमगीत. दुसरी वापरलेली, दस्त्याचं पॉलिश उडालेली. परवानगी घेऊन प्रत्येकीचा बोल्ट मागे ओढायचा, सोडायचा आणि कान देऊन ऐकायचं. शेवटी त्यांनी वापरलेली घेतली. तिचे सुटे भाग दुकानात होते, आणि बोल्ट बसल्याचा आवाज दर वेळी एकसारखा येत होता.

"ही फसणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"साफ ठेवलीत तर नाही फसणार. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामी झाली असं कधी समजू नका, बोल्ट ओढून नळीत बघायचं. आणि आत कचरा, जास्तीचं तेल, काही जाऊ द्यायचं नाही. आपली गोळी आपणच चढवते ना, म्हणून लाडावलेली आहे."

केळव्याला त्यांनी करवंट्या टांगून नेम धरायचा सराव केला. परत आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. इतकं स्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "एकदाही अडकली नाही, मास्तर," ते म्हणाले. त्या आठवड्यात सकाळी निघताना त्यांनी दार एकदाच ढकललं. सुमतीबाईंना याचंच भय वाटलं.

मग खंडेनवमी आली. त्यांच्याकडे पिढीजात एक तलवार होती, तिची पूजा व्हायची. माई म्हणाल्या, घरात शस्त्र आलंय तर तेही पाटावर बसेल. कमलाकांतरावांनी मॅगझिन काढलं, नळी पाहिली, आणि रिकामी दिसावी म्हणून बोल्ट मागे अडकवून, आतलं उघडं ठेवून रायफल पाटावर ठेवली. माईंनी तलवारीला करतात तसंच सगळं केलं. खोबरेलाचं बोट फिरवलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. कुंकवाच्या ओल्या, लाल अक्षता.

पूजेनंतर ते फडकं घेऊन बसले, तसा माईंनी हात धरला. "पूजेच्या अक्षता झाडायच्या नसतात, बाळा. आपण होऊन गळतील तेव्हा गळतील. अप्पांनी कधी तलवार पुसली होती का दसऱ्याला?"

कधी नाही ते कमलाकांतरावांनी ऐकलं. बोल्ट पुढे सोडला, रायफल माईंच्या जुन्या शालीत गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. गोळ्या वेगळ्या, कुलपात.

पुढच्या महिन्यात फोर्टात गोळीबार झाला, माणसं मेली. कमलाकांतराव त्या संध्याकाळी चालत घरी आले. रायफल हाताशी यावी म्हणून त्यांनी कपाटापाशी खुर्ची आणून ठेवली. केळव्याला जाणं बंद पडलं, त्यामुळे रायफल पुन्हा कोणी उघडली नाही. ती शाल मात्र घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसे, आणि दिसली की माणूस आवाज जरा खाली आणी.

जानेवारीत रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात जाणार. दुसऱ्या दिवसापासून गिरगाव पेटलं. दुकानं बंद, कर्फ्यू, ठाकूरद्वाराच्या बाजूने मधूनच गोळ्यांचे आवाज. माझी खोली रस्त्यावर होती. अश्रुधुराने डोळे उघडवेनात, म्हणून मी समोर कमलाकांतरावांच्या स्वयंपाकघरात येऊन बसलो. थंडी अशी की फडताळातली खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट झाली होती. माई भिंतीला टेकून पडल्या होत्या. त्यांनी दोन दिवस भातावर नुसतं ताक घेतलं होतं.

दुपारी खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडून गेलं की गुंड मागच्या जिन्यांनी घरांत शिरताहेत. खरं की खोटं, कोणाला ठाऊक नव्हतं.

मागचं दार स्वयंपाकघरात उघडायचं. लोखंडी जिना थेट त्या दाराशी येई. पुढच्या दाराला दोन कड्या आणि अडसर होता. मागच्याला मात्र नुसता एक आकडा, कारण माई तिथे दुसरं काही बसवू देत नसत. त्यांची कोळीण रखमा रोज त्या जिन्याने येई. माई पूजेत असल्या तर फटीतून बोट घालून आकडा वर करी आणि मासळी आत ठेवून जाई. मात्र जिन्याच्या खालच्या पायरीपासूनच तिची हाक सुरू व्हायची, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी.

कमलाकांतरावांनी शाल सोडली. गोळ्या आणल्या, मॅगझिन भरून बसवलं, बोल्ट ओढून सोडला आणि खुर्ची मागच्या दारासमोर घेतली. एरवी ऐकायचे तसा त्यांनी बोल्टचा आवाज ऐकला नाही.

लोखंडी पायरी वाजली. मग दुसरी. हाक नाही. कोणीतरी अनवाणी, दबकत वर येत होतं.

"अहो, कोण आहे विचारा तरी," सुमतीबाई कुजबुजल्या.

"विचारलं की त्यांना कळेल आपण आत आहोत."

पावलं दाराशी थांबली. फट अंधारली. आमच्या डोळ्यांदेखत आकडा हळूहळू वर उचलला गेला.

कमलाकांतरावांनी चाप ओढला. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा ओढला.

दार उघडलं. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी आवळून धरलेली रखमा उभी होती. तिने नळी पाहिली, नळीमागचा चेहरा पाहिला, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"मी हाय, भाऊ," ती म्हणाली.

मग तीच सांगू लागली, "खाली पोलिस उभा हाय. हाक मारली असती तर मावरा घेतला असता त्यानं. म्हातारी मावऱ्याबिगर जेवत नाय, म्हनून किनाऱ्याकिनाऱ्यानं आली." तिने ओचा सोडला. आत फडक्यात बोंबील होते.

मग तिने विचारलं, "भरलेली व्हती?"

"नाही गं बाई," सुमतीबाई घाईने म्हणाल्या. "रिकामी. ते आपले उगाच धरून बसलेत."

"भरलेली होती," कमलाकांतराव म्हणाले. "मी दोनदा ओढली."

त्यांनी मॅगझिन काढून बोल्ट मागे घेतला. तो सहजी येईना. एक गोळी फरशीवर पडली. मी वाकून पाहिलं. बोल्टच्या वाटेत थिजलेलं खोबरेल होतं, त्यात कुंकू कालवलेलं, आणि एक लाल तांदूळ आडवा अडकलेला. तेवढ्या दाण्याने बोल्ट पुरता बसला नव्हता.

"देवीने राखलं," माई म्हणाल्या आणि हात जोडले. त्यांनी कोणाकडे पाहून जोडले ते मला कळलं नाही.

रखमा उठली. विळी ओढून तिने बोंबील साफ करून दिले. फक्त सगळा वेळ तिने कमलाकांतरावांकडे पाठ केली नाही. जाताना म्हणाली, "बोंबलाचं भुजणं करा. ताजा हाय."

कर्फ्यू उठल्यावर वाडीत बातमी फिरली की कमलाकांतरावांनी बंदूक घेऊन घर राखलं. लोक कौतुक करायला आले. ते प्रत्येकाला घडलं ते जसंच्या तसं सांगत, आणि माणूस चहा अर्धा टाकून उठे. महिना संपायच्या आत त्यांनी परवाना परत केला आणि रायफल सरकारजमा केली.

रखमा येत राहिली. पण मासळी पायरीवर ठेवून ती खालूनच हाक मारी. आकड्याला तिने पुन्हा बोट लावलं नाही. माई आतून म्हणत, "ये गं वर." ती म्हणे, "घाईत हाय, बाय." असं काही महिने चाललं. मग एके सकाळी कमलाकांतराव पिशवी घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरले आणि तिला म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नकोस. मी येईन बाजारात तुझ्याकडे."

माई गेल्या, सुमतीबाई गेल्या, रखमाही गेली. कमलाकांतरावांनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे आणि गुडघे दुखतात. ते अजून त्याच घरात राहतात. सकाळी पिशवी घेऊन स्वतः बाजारात जातात आणि रखमाच्या सुनेकडून, गुणवंतीकडून, मासळी घेतात.