चढावरची शिटी

आमचे हे गाड्या कानाने दुरुस्त करतात. हात नंतर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग सांगणार, "तिसरा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसराच. लोक लांबून फोन करतात, "मिस्त्री, जरा ऐका," आणि फोन बॉनेटखाली धरतात. अशा माणसाला घरात मात्र एक गोष्ट धड ऐकू येत नाही. नवराच तो, असं म्हणून मी सोडून देत आले.

गॅरेज घराला लागूनच, पत्र्याचं. तिथे माझी सवत राहते. फिकट निळी, गोल दिव्यांची, आमच्या लग्नाआधीची. भंगारातून आणून यांनी ती नट न् नट जोडत उभी केली. तिला पॉलिश करताना यांच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते माझ्या वाट्याला फार तर दोनदा आले असतील. नवं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघतं आणि मग आपली गाडी सोडून जातं.

यंदा तीच बिघडली. गावातल्या गावात अगदी व्यवस्थित चालायची. हायवेला लागून लांबलचक चढ आला की मात्र मलूल. पाय पार खाली दाबला तरी वेग चढेना, मागचे ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जायचे. यांनी कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा साफ केला, प्लग बदलले, पॉइंट बदलले, टायमिंग नव्याने लावलं. ताटावर बसले तरी टायमिंग. गाडी काही चढ चढेना.

एक दिवस हात पुसत म्हणाले, "स्वतःची गाडी कळत नाही, मग लोकांच्या कशाला घ्यायच्या? हिची खोट सापडली नाही तर शटर ओढतो कायमचं."

मला वाटलं, वैतागून बोलले. पण दुसऱ्याच दिवशी दारात आलेली गाडी त्यांनी परत पाठवली. हा माणूस गॅरेजशिवाय करणार काय? घरात बसून माझं डोकं खाईल, ते तर आहेच. पण आतून पार खचून जाईल, आणि ते मला बघवणार नाही.

"चला," मी म्हटलं, "मला पुन्हा बसवा तुमच्या लाडकीत. चढापर्यंत जाऊन येऊ."

चढ लागला, तशी गाडी रडायला लागली.

"ही बघा, वाजली शिटी," मी म्हटलं.

हे समोर बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, तर "हं" केलं. हे "हं" मला चांगलं ठाऊक आहे. मी भडकले. "अहो, पहिल्या दिवसापासून सांगतेय, चढावर मागून शिटी वाजते. तुम्ही कधी ऐकाल तर ना."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "कसली शिटी?"

"कुकरची शिटी व्हायच्या आधी बारीक सूं सूं येतो ना, तसा आवाज. मागून, खालून."

"आत्ता वाजत होती?"

"आत्ता तर कान किटले माझे."

त्यांनी इंजिन बंद केलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, दारात ताटकळलेला दूधवाला, दर वाक्यामागचं "काय?" हे सगळं मी नवरेपणाच्या खात्यात टाकत होते. हा माणूस दुर्लक्ष करत नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

"सायलेन्सर," ते हळू आवाजात म्हणाले. "आतला पत्रा सुटून वाट बुजली असणार. जोर लावला की धुराला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून घुसमटते."

पाइप निवेपर्यंत थांबले, मग गाडीखाली आडवे होऊन सायलेन्सरचा जोड सैल केला. पुन्हा निघालो. आवाज म्हणजे कानठळ्या, पण गाडी चढावर अशी सुटली की मी दाराची मूठ घट्ट धरली. एक ट्रक मागे पडला, मग दुसरा. मी लहान पोरीसारखी हसत होते. हे हसले नाहीत.

वर मोकळ्या जागेत त्यांनी गाडी थांबवली.

"सापडली की," मी म्हटलं.

"तुला सापडली. शिटी होती तेव्हा मला कळली नाही, गेली तेव्हाही नाही. शटर ओढायलाच हवं."

मला रडू आलं. डोळे पुसत म्हटलं, "मला कुठे काय सापडलं? मी कुकर म्हणाले. सायलेन्सर तुम्ही म्हणालात."

ते माझ्याकडे वळले. मग अनोळखी माणसाकडे काही मागावं तसे अवघडून म्हणाले, "परत पाठवलेली ती गाडी उद्या बोलावतो. येशील गॅरेजात? नुसती उभी राहा. काय ऐकू येतं ते सांग."

"येते. पण कानाच्या डॉक्टरकडेही जायचं. आणि मी मोठ्याने बोलेन, मग ओरडतेस म्हणायचं नाही."

"काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाजवळ सरकले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.