निर्मलाताईच्या खांद्यावरचा हात

निर्मलाताई गेल्याचं पीसीओवाल्याने सांगितलं. "वो नवघरवाली फोटोवाली दीदी गुजर गई." मी आमच्या बायकांच्या संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत होते... बाराव्याला तिच्या भावाकडे गेले, तर भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आणि गळ्यात मंगळसूत्र. ब्रशने रंगवलेलं. नवऱ्याचं घर सोडलं त्या दिवशी जे तिने उतरवलं, ते मेल्यावर तिच्या गळ्यात परत अडकवलं.

स्टुडिओत फोटो असे रंगवायचं, पुसायचं काम तिचंच होतं, म्हणून जास्त संताप येतो. आपल्याकडे बाई मेली की घरचे लग्नाचा फोटो घेऊन स्टुडिओत येतात. एकटीचा कधी काढलेलाच नसतो. मग त्यातून बाई कापून मोठी करायची आणि खांद्यावरचा नवऱ्याचा हात पुसायचा. ताई गिऱ्हाइकाला तसंच करून द्यायची. स्वतःसाठी मात्र उलटं करायची. हात ठेवायची, बाई पुसायची. मग तो हात दुसऱ्या फोटोंवर जोडायची, कधी स्टोव्हवर, कधी दोरीवरच्या साडीवर, कधी पाली गावच्या किनाऱ्यावर बांबूला सुकणाऱ्या बोंबलांवर. मुंबईतल्या प्रदर्शनात एक समीक्षक म्हणाले, "अतिवास्तव शैली. हा प्रियकराचा स्पर्श, स्त्रीच्या सुप्त मनातली ओढ."

ताई म्हणाली, "अहो, नवऱ्याचा हात आहे तो. बाई गेली तरी त्याला धरायला काहीतरी लागतं."

लोक हसले. या गृहस्थांनी मग लिहिलं, की छायाचित्रकर्तीला स्वतःचीच प्रतीकं उमगलेली नाहीत. बाईच्या मनातलं बाईपेक्षा यांना जास्त ठाऊक. मी म्हटलं, ताई, पोस्टर करू, खाली घोषणा टाकू. तर मलाच म्हणाली, "तू वाक्य लिहिलंस की लोक वाक्य वाचतील गं. हात कोण बघणार?"

भावाला विचारलं, "दादा, हे मंगळसूत्र कशाला?"

"लोकं येतात घरी. बोडक्या गळ्याची बहीण भिंतीवर कशी लावू?"

"तिने स्वतः काढलं होतं ते."

"आता ती गेली ना. आता कुणाशी भांडतेस?"

"तुमच्याशी," म्हटलं. तो चहा आणायला आत गेला. फोटो अजून तसाच आहे.

म्हणून या लेखासोबत छापायला मी दुसरा दिलाय. तिने स्वतःचा काढलेला, मला दिलेला. गळा मोकळा आहे. खांद्यावर एक हात आहे, फोटो धुवायच्या रसायनांनी नखं काळी पडलेला. समीक्षकांनी त्रास घेऊ नये... तो तिचाच आहे.