आधी नळ

तंजावूरला पितळी समया उजळायच्या कारखान्यात एक म्हातारे कामगार रोज आधी नळ सोडून बघत, मगच नायट्रिक ॲसिडच्या कॅनला हात लावत. पाणी नसलं तर खुशाल कॉफी पीत बसत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही केमिस्ट्रीची, तिथे नुकतीच नोकरीला लागले होते. मला त्या नळपूजेचं हसू यायचं.

एकदा घाईत मी हातमोजे न घालताच कॅन कलता केला आणि ॲसिड उजव्या हातावर उडालं. "खायचा सोडा आणा, त्याने ॲसिड मरतं!" मी ओरडले. त्यांनी माझा हात थेट नळाखाली धरला, बांगड्या उतरवल्या आणि म्हणाले, "अम्मा, डिग्री मग दाखव. आधी हात दाखव."

वीस मिनिटं त्यांनी हात सोडला नाही. मी रडू नये म्हणून ते सुनेच्या सांबाराला नावं ठेवत राहिले. मग ऑटोने दवाखान्यात घेऊन गेले.

ॲसिडने हातावर पडलेला पिवळा डाग पुढे हळूहळू निघून गेला. आता मी कॉलेजात शिकवते. प्रयोगशाळेत मी आधी नळ सोडते, तेव्हा मुलं हसतात. मीही हसले होते, म्हणून रागवत नाही. फक्त पाणी येईपर्यंत बाटली उघडू देत नाही.