नऊ सेकंदांची जागा

परदेशी गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओ कॉल असला की मी आदल्या दिवशी सगळ्यांचा सराव घेते. जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्याच्या प्लांटमध्ये निर्यातीचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, आणि सरावाची वहीसुद्धा माझीच. त्यात कोणी कोणानंतर बोलायचं, किती बोलायचं, शेवटचं वाक्य कोणतं, हे क्रमाने लिहिलेलं असतं. प्रत्येकाला किती सेकंद लागतात तेही मी मनगटावरच्या घड्याळात बघून लिहिते. परक्या भाषेत माणूस एकतर फार बोलतो नाहीतर गप्प बसतो, म्हणून मोजलेलं बरं.

आमचा क्रम ठरलेला होता. आधी मी सुरुवात करायची, मग मॅनेजर, मग लॅबचे चाचा. प्रत्येकाने आपलं सांगून झालं की पुढच्याची ओळख करून द्यायची. चाचा वयाने सगळ्यांत मोठे होते आणि बियाण्याची उगवण तपासण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे, हे त्यांचं काम. त्यांचं इंग्रजी मीच बसवून घेतलं होतं. 'गुड आफ्टरनून, आय लुक आफ्टर द सीड' एवढं मी लिहून दिलं होतं. ते त्याला स्वतःचं शेपूट जोडायचे, 'होप युवर पीपल आर वेल.'

"चाचा, धंद्याच्या बोलण्यात घरच्यांची चौकशी नसते," मी सांगायची.

"खाली गुड आफ्टरनून बोले तो क्या सलाम हुआ, मॅडम? घरवाले कैसे हैं, पूछना नको?"

मी खोडायची, ते बोलायचेच. पलीकडच्या वयस्क बाईंना मात्र ते आवडायचं. त्या भेंडीचं बियाणं घ्यायच्या आणि दर वेळी आधी चाचांना उत्तर द्यायच्या.

शेवटच्या सरावात त्यांनी आणखी एक वाक्य आणलं. लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली परतूरची एक ताई काम करायची. आठ वर्षांपूर्वी ती बिया निवडायच्या टेबलावर आली होती. चाचांनी तिला लॅबमध्ये घेतलं, सगळं शिकवलं. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा चिमट्याने कोंब उचलायचं काम तीच करायची. ती कॅमेऱ्यासमोर कधी आली नव्हती. या वेळी तिची ओळख करून द्यायची, असं चाचांनी ठरवलं होतं. आम्ही दोघंच असताना ते म्हणाले, "मैं बोलूंगा, दिस इज माय राइट हँड."

मी ते वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं. "असं नसतं म्हणत, चाचा. लॅब असिस्टंट म्हणा."

"असिस्टंट तो कोई भी होता, मॅडम," ते म्हणाले आणि रुसून बसले.

कॉल पुढे ढकलला गेला. त्याच आठवड्यात चाचा घरी झोपेतच गेले.

दोन महिन्यांनी कॉलची नवी तारीख आली. शेठनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "त्या बाईंचा भरोसा चाचांवर होता. या पोरीनं त्यांच्याशी नीट बोलून दाखवलं तर लॅब तिची. न्हाई तर मी बाहेरून माणूस आणतो, हिला परत निवडायच्या टेबलावर. चाचांचं आधी सांगू नका. ओळखी झाल्या की सांगू."

मी वहीत लिहिलं: 'चाचांची बातमी, ओळखी झाल्यावर.' त्यांचा तीन नंबर खोडून ताईला तिथे घ्यायचं होतं. पेन टेकवलं आणि उचललं. तो नंबर तसाच त्यांच्या नावावर ठेवून ताईला चौथ्यावर लिहिलं, आणि तिची ओळख तिनेच करून द्यायची असं ठरवलं.

सराव सुरू झाला. मी बोलले, मॅनेजर बोलले, आणि ताई गप्प.

"अहो ताई, नाव अन् काम सांगायचंय, उखाणा न्हाई घ्यायचा!" मॅनेजर म्हणाले.

"मला न्हाई जमून राह्यलं, मॅडम," ती मला म्हणाली. "मी लॅबची मुख्य आहे, असं आपल्याच तोंडानं कसं सांगू? मोठ्या माणसानं सांगायचं असतं ना?"

"इंग्रजीत आपणच सांगायचं. चला, पुन्हा."

पुन्हा तेच झालं. थोडा वेळ शांतता, मग ती घाईने बोलायची आणि अडखळायची. तिसऱ्या वेळी मी सवयीने घड्याळ पाहिलं. मॅनेजरचं बोलणं संपल्यापासून ताईच्या पहिल्या शब्दापर्यंत नऊ सेकंद. चौथ्या वेळीही नऊ. मागची पानं उलटून बघितली. चाचांच्या नावापुढे, त्यांचं शेपूट धरून, माझ्याच अक्षरात नऊ लिहिलेलं होतं.

मी कोणाला काही बोलले नाही. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्या नऊ सेकंदांत फक्त ताई गप्प नसायची. एरवी एक मिनिट तोंड न मिटणारे मॅनेजरही गप्प असायचे. आणि 'बोला, बोला' म्हणून हाकणारी मी, मीही.

कॉलच्या दुपारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. ताईच्या डावीकडची खुर्ची चाचांची, ती कोणी हलवली नव्हती. शेठ कॅमेऱ्याच्या मागे उभे होते. शेजारच्या लोखंडाच्या मिलचा खडखडाट येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या होत्या, नुसता पंखा फिरत होता. ताईच्या हातात रुमालाचा बोळा होता.

बाई पडद्यावर आल्या. मी नमस्कार-चमत्कार केले, मॅनेजरची ओळख करून दिली. मॅनेजर बोलले. मग ती जागा आली.

कोणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा होता. ताईचे ओठ मिटलेले होते, मी तिच्याकडेच बघत होते. बाई पडद्यावर मान जराशी पुढे काढून ऐकत होत्या. मध्येच त्या हसल्या. मग म्हणाल्या, "थँक यू, सर. माय पीपल आर वेल."

बाईंची नजर ताईकडे वळली. "सो यू आर द राइट हँड," त्या म्हणाल्या. "व्हेरी नाइस टू मीट यू."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. शेठनी हातानेच विचारलं, काय झालं? ताईच्या हातातला रुमाल खाली पडला. ती सावरून बसली आणि सरावात कधीच निघाला नव्हता अशा आवाजात बोलली. "येस, मॅडम. आय वॉज हिज राइट हँड. चाचा पास्ड अवे. नाउ आय लुक आफ्टर द सीड."

बाईंची नजर पडद्यावर ताईच्या शेजारी कुठेतरी थांबली. मग हळूच 'सॉरी' म्हणाल्या, आणि पुढे उगवणीचे, ओलाव्याचे प्रश्न विचारले. ताईने एकेकाचं उत्तर दिलं, कागद न बघता.

कॉल संपल्यावर शेठ म्हणाले, "त्यांना राइट हँड कोण बोललं?"

"लाइनमध्ये काही गडबड असंल," मॅनेजर म्हणाले. "मागचं काही ऐकू आलं असंल."

"मागं बोलल्ते का चाचा तसं?"

मी वही मिटली. शेठ ताईकडे वळले. "उद्यापासून लॅबची चावी तुझ्याकडं."

मी माझ्या पद्धतीने तपासलं. जुने ईमेल सगळे वाचले. त्यात तो शब्द नव्हता. मागच्या कॉलच्या टिपणांत ताईचा उल्लेखही नव्हता. कॉल रेकॉर्ड केलेला होता, तो तीनदा ऐकला. मॅनेजरचं बोलणं, पंखा, मग बाईंचं 'थँक यू, सर.' मध्ये काही नाही. घड्याळ लावून पाहिलं, तर या वेळी नऊ नव्हते, बारा होते, एका छोट्या वाक्याएवढे जास्त.

संध्याकाळी गाडीला निघण्याआधी ताई माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, एक विचारू का? राइट हँड असं चाचा माझ्याबद्दल कधी बोलल्ते का?"

मी वही उघडून तिला ते पान दाखवलं. खोडलेल्या रेघेखालचं वाक्य तिने बोट ठेवून वाचलं.

"हे कोणी खोडलं?"

"मी."

तिने वही नीट मिटली, माझ्या हातात दिली आणि गाडीसाठी पळाली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कॉल होता. सरावाच्या आधी मी ते वाक्य नव्या पानावर पुन्हा लिहिलं, तीन नंबरपुढे, न खोडता. मॅनेजर बोलले. त्यांचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच ताई बोलायला लागली. स्वच्छ, बरोबर, शेवटी घरच्यांची चौकशीही केली. मध्ये एका सेकंदाचीसुद्धा जागा राहिली नाही.

ताईचं बोलून झालं. पुढे समारोप मला करायचा होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"मॅडम," ताई म्हणाली, "तुम्ही का थांबल्या?"

मी घड्याळाकडे बघत होते. तिचं संपल्यापासून नऊ सेकंद झाले होते.